जपाच्या माळेत मिरचीचा भाव

वाचक ताईंचे पत्र, थोडक्यात:

“मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. यजमान साखर कारखान्यात नोकरीला आहेत. लग्नानंतर काही वर्षांनी दत्तसंप्रदायातील एका सत्पुरुषांचा अनुग्रह मला मिळाला. तेव्हापासून सकाळचा जप आणि पौर्णिमेची नरसोबाची वाडी सहसा चुकलेली नाही. कांदा-लसूण चटणी करून विकण्याचा माझा घरगुती व्यवसाय आहे. हंगामात दोघी बायका मिरचीचे देठ खुडायला येतात. आता स्वतःचे कांडप यंत्र घ्यावे, शेजारचा गाळा भाड्याने घ्यावा, पुढे जमल्यास स्वतःच्या नावावर लहानसा फ्लॅट व्हावा, आणि लिहायला लाज वाटते, पण एक कोल्हापुरी साज अंगावर यावा, असे फार मनात येते. जपाला बसले की ब्याडगी मिरचीचा भाव आठवतो. सत्संगातील एक ज्येष्ठ गुरुभगिनी म्हणाल्या, ‘अनुग्रह घेऊनही तुमची हाव सुटली नाही, म्हणजे गुरुकृपा अजून पोचलेली नाही.’ तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्याच भरात इचलकरंजीच्या एका दुकानदाराची मोठी मागणी मी नाकारली. यंत्रासाठी साठवलेले दीड लाख रुपये भक्तनिवासाच्या बांधकामाला देऊन टाकावेत, म्हणजे टोचणी जाईल, असेही वाटते. दुसरीकडे, कर्ज मंजूर झाले तर चांदीच्या पादुका वाहीन, असा नवसही बोलून बसले आहे. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने लॅपटॉप मागितला तेव्हा मी तिला मोहावर बरेच ऐकवले. गुरुजींना यातले काहीच सांगण्याचे धाडस झालेले नाही. माझे नेमके चुकते कुठे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे कुठे चुकते याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. मात्र तुम्ही जिथे बोट ठेवले आहे तिथे ते मला सापडले नाही. यंत्र, गाळा, फ्लॅट आणि साज यांविषयी तुम्ही सविस्तर आणि अपराधी मनाने लिहिले आहे. नाकारलेली मागणी आणि मुलीला ऐकवलेले बोल मात्र एकेका वाक्यात उरकले आहेत. मला काळजी वाटली ती या दोन वाक्यांची. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी इच्छांचा प्रश्न घेऊ, कारण त्या गुरुभगिनींच्या शब्दांनी तुमच्या मनात जी गाठ बसली आहे ती सुटल्याशिवाय पुढचे काही पटणार नाही.

वाडीला नेमाने जाणाऱ्या घरात गुरुचरित्राची पोथी बहुधा असतेच. तिच्या नवव्या अध्यायातला रजक तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण तुमचा प्रश्न मनात धरून तो अध्याय पुन्हा एकदा वाचा, असे मी सुचवीन. कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभांची मनोभावे सेवा करणारा, त्यांना नित्य दंडवत घालणारा तो परीट. एके दिवशी नदीवर एक राजा आपल्या स्त्रिया, सेवक आणि वाद्यांच्या गजरासह विहाराला आला, आणि हा काठावर उभा राहून ते वैभव पाहतच राहिला. याने कोणत्या देवाची आराधना केली असेल, याला कोणता गुरू भेटला असेल, असे विचार त्याच्या मनात आले. म्हणजे साक्षात गुरू समोर असताना शिष्य दुसऱ्याच्या ऐश्वर्याकडे बघत उभा होता. तुमच्या ब्याडगीच्या भावापेक्षा हे बरेच अधिक झाले. श्रीपादांनी त्याला काय विचारले, तर तुझ्या मनात काय आहे. त्याने ते सांगितले. त्यावर गुरूंनी त्याला झिडकारले नाही, सेवेतून काढले नाही, तुझी भक्ती खोटी असेही म्हटले नाही. जन्मापासून कष्ट केलेस, तुला राज्यभोगाची वांछा आहे, तर ती इंद्रिये एकदा निवू देत, नाहीतर तीच पुढे मोक्षाच्या आड येतील, असे त्यांनी सांगितले, आणि हे भोग या जन्मी हवेत की पुढच्या जन्मी, इतकेच विचारले. म्हातारपण आले आहे, तेव्हा पुढच्या जन्मी, पण चरणांचा वियोग नको, असे रजक म्हणाला.

पुढे पन्नासाव्या अध्यायात तोच रजक बीदरचा राजा म्हणून येतो. मांडीवरचा स्फोटक कशानेच बरा होत नाही म्हणून शोध घेत तो श्रीपादांचाच पुढचा अवतार असलेल्या नृसिंहसरस्वतींपुढे उभा राहतो, आणि गुरू त्याला जुन्या ओळखीच्या माणसासारखी हाक मारतात. या कथेत भोग फुकट मिळालेले नाहीत. राजवैभवाच्या सोबत तो फोडही आला आहे, हे विसरू नये. पण मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, इच्छेमुळे गुरू-शिष्याचे नाते तुटले नाही, उलट एका जन्मातून दुसऱ्या जन्मात गेले. रजकाने इच्छा लपवली असती तर काय झाले असते, हे पोथी सांगत नाही. पण गुरूंनी मुद्दाम विचारले यावरून लपवलेली इच्छा त्यांना जास्त धोक्याची वाटत असावी, असे मी समजतो. तुम्ही गुरुजींना यातले काहीच सांगितलेले नाही, हे तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मला म्हणूनच खटकले.

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. अर्थार्थी म्हणजे काही मिळावे म्हणून भजणारा. त्याची जागा सर्वांत वरची नाही, ती ज्ञान्याची आहे; परंतु चौघांनाही भगवंतांनी पुण्यवान म्हटले आहे आणि पुढे हे सगळेच उदार आहेत असेही सांगितले आहे. तुम्ही आज अर्थार्थी आहात. यात लाजण्यासारखे काही नाही. बहुतेक सगळे तिथूनच आत येतात, आणि देवळाच्या रांगेत उभे राहून चारचौघांची पुटपुट ऐकली तर हे कोणालाही कळेल. समर्थांनी तर दासबोधात ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ असे म्हणून मग परमार्थविवेकाची वाट दाखवली आहे, आणि प्रपंच सांडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, असा इशाराही तिथेच दिला आहे. हे शब्द प्रपंच न केलेल्या माणसाचे आहेत, म्हणून मला ते अधिक वजनदार वाटतात.

त्या गुरुभगिनींविषयी मला फार लिहायचे नाही. दुसऱ्याला गुरुकृपा पोचली की नाही, याची नोंद ठेवण्याचे काम कोणत्याही शिष्याकडे सोपवलेले नसते. त्यांनी ते शब्द चांगल्या हेतूने उच्चारले असतील. परंतु वैराग्य आपल्याला किती आले हे बघण्यापेक्षा शेजारणीला किती आले नाही हे बघणे सोपे असते, आणि सत्संगात हा सोपा मार्ग फार लवकर रुळतो.

आणि हे सगळे कोल्हापुरात घडावे, याची मला थोडी गंमत वाटते. दत्तमहाराज स्नान एका क्षेत्री करतात, निद्रा दुसऱ्या क्षेत्री घेतात आणि भिक्षेला करवीरात येतात, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. शहरात भिक्षालिंगाचे स्थानही आहे. ज्या नगरीत अंबाबाई नांदते, तिथेच झोळी घेऊन यावे असे दत्तमहाराजांना वाटले, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मी एवढेच म्हणेन की भिक्षा मागणाऱ्याला देणारे घर लागते, त्या घरात चूल पेटलेली लागते आणि चुलीमागे कोणाची तरी कमाई लागते. नवरात्रात अंबाबाईच्या अंगावर चढणारे दागिने डोळे भरून पाहून परत यायचे आणि गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, तोंडाशी आल्यावर साजाची इच्छा पाप मानायची, हे मला जमणार नाही. वाडीहून परतताना बासुंदी आणि कवठाची बर्फी घेताना कोणाचे वैराग्य भंगल्याचे मी तरी ऐकलेले नाही. साजाबद्दल माझा सल्ला निराळ्या कारणाने थांबण्याचा आहे: यंत्र कमाई करील, गाळा यंत्राला जागा देईल, साज मात्र तिजोरीत बसेल. तेव्हा तो कर्जातून किंवा भांडवलातून करू नका. धंद्याचे दोन हंगाम नीट गेले आणि हाती शिलकीचे पैसे उरले, की अपराधी न वाटता करा आणि घाला.

आता जपाचे. माळ हातात आणि भाव डोक्यात, ही अवस्था तुमच्या एकटीची नाही. मन जिथे गुंतलेले असते तिथे ते जपाच्या वेळी धावतेच, कारण दिवसभरात त्याला स्वस्थ बसवणारी तीच एक वेळ असते. त्या विचाराशी भांडत बसलात तर जप राहतो बाजूला आणि भांडणच चालू राहते. माझ्या माहितीतली काही माणसे एक साधा उपाय करतात: बसण्याआधी वहीत त्या दिवसाची चार कामे लिहून ठेवतात. कोणत्या व्यापाऱ्याला फोन करायचा, गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची कधी बघायची, कोणाची उधारी यायची आहे, हे कागदावर गेले की मनाला ते सारखे आठवून देण्याचे कारण उरत नाही. तरीही ब्याडगी आलीच तर येऊ द्या, पुढचा मणी ओढा. माळ पूर्ण होणे तुमच्या हातात आहे. मन एकाग्र होणे कालांतराने होईल, आणि कदाचित सगळे दिवस होणारही नाही.

एकनाथ महाराजांविषयीची एक आख्यायिका अशा वेळी आठवते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे गुरूच राज्यकारभारातले. त्यांनी शिष्याला हिशेबाचे काम दिले होते. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती, म्हणून एकनाथ रात्रभर वह्या चाळत बसले आणि उत्तररात्री ती चूक सापडल्यावर आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. ते पाहून स्वामी म्हणाले की, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसाराची चूक सापडली तर केवढा होईल, असे सांगतात. कथेचा उत्तरार्ध सगळे सांगतात. मला पूर्वार्धही तितकाच मोलाचा वाटतो. गुरूंनी हिशेब काढून घेऊन हातात टाळ दिले नाहीत. चोख हिशेबात जे लक्ष लागले, तेच लक्ष पुढे कुठे लावायचे एवढेच सांगितले. तुमच्या चटणीच्या वहीकडेही त्या नजरेने पाहायला हरकत नाही.

इच्छा गुरुभक्तीच्या आड कधी येते, हे चटणीच्याच धंद्यात स्पष्ट दिसते, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. ब्याडगी रंग देते, तिखटपणा बेताचा ठेवते. झणका आणि तो ओळखीचा वास संकेश्वरीचा. ब्याडगीचा भाव चढला की मागच्या वर्षीची, रंग उतरलेली मिरची स्वस्तात मिळते, आणि रंगाची उणीव बाहेरून भरून काढण्याची सोय सुचवणारा माणूसही त्याच बाजारात उभा असतो. घरी थोडकी चटणी करणाऱ्या बाईला हा मोह फारसा होत नाही, कारण गिऱ्हाईक गल्लीतले असते आणि पहिल्या घासालाच त्याला कळते. गाळा घेतल्यावर, यंत्राचा हप्ता सुरू झाल्यावर आणि चटणी न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या माणसाच्या ताटात जाऊ लागल्यावर तो होतो. खोबरे थोडे कमी, मीठ थोडे जास्त, पाव किलोच्या पाकिटात दहा ग्रॅम इकडे-तिकडे. गुरुभक्तीची परीक्षा व्हायचीच असेल तर ती त्या दिवशी होईल, आणि त्या दिवशी जवळपास गुरुभगिनी नसतील. धर्माला विरोध न करणारी इच्छा ती माझीच, असे भगवंत गीतेच्या त्याच सातव्या अध्यायात म्हणतात. तुमची इच्छा त्या व्याख्येत बसते की नाही, हे पाकीट बंद करताना दर वेळी ठरेल.

तुकोबांनी धन जोडू नका असे म्हटलेले नाही. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ असे म्हटले, आणि मग ते उदास विचाराने वेचायला सांगितले. उदास म्हणजे रडवेला नव्हे, आसक्ती न ठेवणारा. पण तुमच्या संदर्भात तुकोबांच्या अभंगापेक्षा त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग अधिक उपयोगी पडेल. दुष्काळानंतर त्यांना विरक्ती आली आणि वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. बुडवण्यापूर्वी त्यांनी काय केले, हे मात्र कीर्तनात घाईने सांगून टाकतात. धाकटा भाऊ कान्होबा संसारात होता आणि त्या कर्जरोख्यांत त्याचाही वाटा होता. म्हणून खतांच्या दोन वाटण्या झाल्या, कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला गेला, आणि तुकोबांनी पाण्यात सोडला तो फक्त स्वतःचा. विरक्ती एवढी तीव्र होती की उद्याच्या भाकरीची चिंता राहिली नव्हती, पण त्या भरातही दुसऱ्याचा कागद त्यांनी नदीत टाकला नाही. (जिजाईच्या वाट्याला त्यातून काय आले, हा प्रश्न उरतोच, आणि तिने तो आयुष्यभर मोठ्या आवाजात विचारला, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.)

आता तुमच्याकडे पाहा. इचलकरंजीच्या दुकानदाराची मागणी तुम्ही हाव सोडण्याच्या भरात नाकारलीत. त्यात तुमचा नफा गेला हे खरे; पण देठ खुडायला येणाऱ्या त्या दोघींची रोजंदारीही गेली. दिवसभर मिरची हाताळल्यावर बोटांची जी आग होते, ती रात्री कणीक मळतानाही जात नाही. ती आग सोसून त्या दोन पैसे मिळवतात. त्यांनी अनुग्रह घेतलेला नाही, वैराग्याचा संकल्पही सोडलेला नाही. तुमच्या त्यागातला त्यांचा हिस्सा त्यांना न विचारता पाण्यात गेला.

मुलीच्या बाबतीत हेच अधिक जवळून घडले आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला लॅपटॉप लागतो. ती चैन नाही, ते तिच्या अभ्यासाचे साधन आहे, जसे कांडप यंत्र तुमच्या धंद्याचे. स्वतःच्या मनात फ्लॅट आणि साज घोळत असताना तुम्ही तिला मोहावर व्याख्यान दिलेत. तुम्हाला स्वतःला जे बोल लावायचे होते आणि लावता येत नव्हते, ते तुम्ही तिला लावलेत, असे मला वाटते. याचा परिणाम लॅपटॉपपुरता राहत नाही. घरात आईच्या तोंडी ‘गुरू’ हा शब्द काही मागितले की नाही म्हणण्यासाठीच येतो, असे एकदा मुलांच्या मनात बसले की पुढे त्यांना पारायणाला बसवणे कोणालाही जमत नाही, आणि मग आपणच ‘आजकालच्या मुलांना श्रद्धा नाही’ असे म्हणत बसतो. तिच्याशी बोला. पैसे आज नसतील तर पैसे नाहीत असे सांगा, अमुक महिन्यात घेऊ असे सांगा. यजमानांच्या पगारातून हप्त्याने घेता येत असेल तर तसे घ्या. अडचण पैशाची असताना तिला अध्यात्माचे नाव देऊ नका. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचे होते, असे तिला सरळ सांगितलेत तर तुमच्या मोठेपणाला काही बाधा येणार नाही.

भक्तनिवासाच्या देणगीविषयी माझे मत ठाम आहे: यंत्रासाठीचे दीड लाख रुपये देऊ नका. टोचणी घालवण्यासाठी दिलेले पैसे टोचणी घालवत नाहीत. पुढच्या वर्षी दुसरी इच्छा येते आणि तेव्हा टोचणी अधिक महाग पडते. शिवाय या पैशांतून उभे राहणारे काम तुमच्या मुलीचे, त्या दोघींचे आणि तुमच्या म्हातारपणाचे आहे. देणगी अवश्य द्या, पण वर्षाचा हिशेब झाल्यावर, मजुरी, मिरचीवाल्याची उधारी आणि कर्जाचा हप्ता भागवून जे उरेल त्यातला ठरावीक हिस्सा यजमानांशी बोलून ठरवा आणि तो कोणाला न सांगता द्या. देणगीची मागणी गुरुजींनी केलेली नाही, असे तुमच्या पत्रावरून मी समजतो. जिथे कुठे देणगीच्या आकड्यावरून साधकाची पायरी ठरवली जात असेल, तिथे समर्थांची कसोटी लावायला कचरू नये. जे शिष्याला साधन लावत नाहीत आणि त्याच्याकडून इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू ‘आडक्याचे तीन मिळाले तरी त्यजावे’, म्हणजे अगदी कवडीमोलाने मिळाले तरी सोडावेत, असे दासबोधात आहे. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला जप दिला, पैसे मागितले नाहीत, म्हणून हे वाक्य त्यांना लागू नाही. पण त्यांच्याभोवती जमणाऱ्या उत्साही मंडळींना कधीकधी ते वाचून दाखवावे लागते.

राहिला चांदीच्या पादुकांचा नवस. इथे मात्र मी तुम्हाला थोडा रागावणार आहे. इच्छा गुरूंपुढे ठेवणे वेगळे आणि तिचा सौदा करणे वेगळे. कर्ज मंजूर झाले तर पादुका, नाही झाले तर नाही, यात गुरूंना तुम्ही दलाल केले आहे, आणि मंजूर न झाल्यास श्रद्धेलाच तडा जाण्याची सोय करून ठेवली आहे. ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’ हा तुकोबांचा टोला तुम्ही ऐकलेलाच असेल. कर्ज हे आधीच्या कर्जफेडीची नोंद, धंद्याचे हिशेब आणि बँकेतल्या अधिकाऱ्याचा विश्वास यांवर मंजूर होते. त्यासाठी गेल्या दोन-तीन वर्षांची विक्री नीट मांडलेली वही आणि खात्यातून झालेले व्यवहार दाखवा. नवस बोलून गेलात आणि तो न फेडल्यास मन खाईल असे वाटत असेल, तर गुरुजींना तसे सांगा आणि त्यांनी सांगितलेले करा. माझा अंदाज आहे की ते चांदीऐवजी एखादी माळ जास्त करायला सांगतील, पण तो त्यांचा अधिकार आहे.

त्यांना भेटायला जाताना मनातले सगळे एका कागदावर लिहून न्या, कारण समोर गेल्यावर तुम्ही फक्त ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणून परत याल, असा मला दाट संशय आहे. साजासकट सगळे सांगा. यंत्र घ्यावे का, किती क्षमतेचे घ्यावे, हप्ता झेपेल का, हे प्रश्न त्यांना विचारू नका. ते बँकेतल्या माणसाला, यजमानांना आणि आधीच असे यंत्र चालवणाऱ्या एखाद्या बाईला विचारण्याचे आहेत. गुरुजींना विचारायचे ते इतकेच की, धंदा वाढला तरी साधनेतले काय सुटू द्यायचे नाही. त्यांनी उत्तर दिले तर ते पाळा. त्यांनी धंदाच नको असे म्हटले, तर का, असे नम्रपणे विचारा. रजकाला प्रश्न विचारणारे गुरू तुम्ही मानता, तेव्हा शिष्याने गुरूंना प्रश्न विचारण्यात अवमान होईल, असे मला वाटत नाही.

इचलकरंजीच्या दुकानदाराला मात्र पौर्णिमेची वाट न पाहता उद्याच फोन करा. नवी मिरची बाजारात आली की असे दुकानदार वर्षभराची बोली एकदाच करून टाकतात. त्याने अजून दुसरीकडे शब्द दिला नसेल, तर निम्मी मागणी घ्या, तीही सध्या भाड्याच्या डंकावर (कांडप यंत्रावर) कुटून भागेल इतकीच, आणि त्या दोघींना कामाचा निरोप पाठवा.